मूठभर कोंडा

"आजी, हा दवाखाना आहे, खळं नाही. हे सूप कशाला आणलंय?"

आवळे सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, सूप चटकन पाठीमागं धरलं. त्यांच्या किडकिडीत अंगामागून ते दोन्ही बाजूंनी बाहेर आलं होतं.

"टेकायला आणलंय," त्या म्हणाल्या.

"सुपाला टेकता?"

"कंबर धरतीया माझी."

सगळा वॉर्ड खिदळला. मला मात्र हसायची सोय नव्हती. बेंबीखाली टाके होते, आणि हसू आलं की ते एकेक करून उसवताहेत असं वाटायचं. शेजारच्या खाटेवरून द्रौपदा ओरडली, "माले, आधी उशी दाब पोटावर, मग हस. किती वेळा सांगायचं तुला!"

मी उशी दाबली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसले. सिस्टरही शेवटी हसल्या. "खाटेखाली सरकवा," त्या म्हणाल्या, "मोठ्या बाईंच्या नजरेला पडलं तर मला बोलणी बसतील."

त्या दवाखान्यात मी मनापासून हसले ते तेवढंच. माझा मुलगा आता तिशी ओलांडून गेलाय, आणि त्याच्या जन्माची ही गोष्ट त्याला अर्धीच ठाऊक आहे. उरलेली अर्धी सांगायला माझी जीभ रेटत नाही. आज मात्र सगळी सांगते.

मला आई नाही. त्यामुळं माझी बाळंतपणं सासरीच झाली. पहिली मुलगी, घरातच, सुईणीच्या हातून. त्या वेळी मला झटके आले आणि दोन दिवस मी शुद्धीत नव्हते. शुद्ध आली तोवर सगळं आटोपलं होतं. "मुलगी होती," एवढंच मला कळलं, आणि त्यावर पुढं बोलायचं नाही असं सगळ्या घरानं न बोलताच ठरवून टाकलं. मीही विचारलं नाही. मग मुलगा झाला. तो रडला, प्याला, बारशाचं आवतण गेलं, आणि बारशाच्या आधीच तोही गेला.

तिसऱ्या वेळी रक्तदाब वाढला तशी आमच्या ह्यांनी कुणाचं न ऐकता मला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबायला वेळ नाही, सिझर करू. पाठीत सुई दिली आणि कमरेखालचं अंग माझं राहिलंच नाही. डोळ्यांपुढं हिरवं कापड बांधलेलं. पलीकडं कुणीतरी माझ्या पोटात हात घालून ओढाओढ करतंय एवढं समजत होतं, दुखत काहीच नव्हतं. मग रडण्याचा आवाज आला.

"जिवंत आहे?" मी विचारलं.

"अगं, रडतोय की! मुलगा आहे."

"रडून झाल्यावर परत एकदा बघा," मी म्हणाले. तिथली माणसं हसली. मी काही विनोद केला नव्हता. आमचा दुसराही रडलाच होता.

पुढचे दिवस सगळे पोटाचेच. वारा सरल्याशिवाय पाणी मिळणार नाही म्हणाले. मी ओठांवर ओला कापूस फिरवत पडलेली आणि सगळा वॉर्ड आपला विचारतोय, "सरला का गं?" एरवी मी लाजून मेले असते. पण सिझर झालेल्या बाईला लाज परवडत नाही. कुशीवर कसं वळायचं, टाक्यांवर हात ठेवून पाय खाली कसे सोडायचे, हे सगळं मला द्रौपदानं शिकवलं. तिचंही सिझरच, माझ्या एक दिवस आधीचं. घाटाखालच्या कुठल्याशा वाडीची, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, अंगानं थोराड आणि तोंडानं सुटलेली.

"घरी तीन धोंडे हायेत," ती सांगायची. "एकापेक्षा एक. आता चौथ्या खेपंला ही लेक झाली बघ. वेणी घालायला आली माझी!"

पण लेक तिच्याजवळ नव्हती. पोटातून काढली तीच अर्धमेली. तिला समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवली होती. द्रौपदानं तिचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. तिथं आत कुणालाच सोडत नसत. द्रौपदा वाटीत दूध पिळून द्यायची, तिचा नवरा तातोबा ती वाटी टॉवेलखाली झाकून न्यायचा आणि वर दारातच देऊन यायचा. तातोबा उंच, वाकलेला, फार न बोलणारा. "पितीया का?" द्रौपदा विचारायची. "पितीया," तो म्हणायचा आणि रिकामी वाटी नळावर धुवायला न्यायचा.

मला दूध आलं नव्हतं. माझा मुलगा भुकेनं टाहो फोडायला लागला तेव्हा द्रौपदानं माझ्याकडं न पाहताच हात पुढं केले, "आण हिकडं. गावाला वाटून उरंल एवढं हाय माझ्याकडं." तेव्हापासून तो तिच्याच अंगावर पीत होता. तिच्याकडून परत आला की त्याच्या अंगाला तिचा वास यायचा. मला बरं वाटायचं आणि जरासं वाईटही वाटायचं.

आता सुपाचं सांगते. आमच्याकडं लेकरं जगत नसली की नवं जन्मलेलं लेकरू विकतात. खरंखुरं नाही, नावाला. लेकरू सुपात घालायचं, आईनं भिंतीकडं तोंड करून तीनदा "माझं नाही" म्हणायचं, आणि दुसऱ्या बाईनं मूठभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं. मग दिवेलागणीला आईनं ते परत आणायचं, पण आपलं म्हणून नाही. तिचं सांभाळायला म्हणून. म्हणजे जो कुणी ते न्यायला टपलेला असेल तो फसतो. तो आपला त्या आईचं लेकरू हुडकत येतो आणि तिच्याजवळ तिचं असं काही सापडत नाही. आमच्या नात्यात असे कोंड्यावर घेतलेले तीन कोंडिबा आहेत आणि तिघंही धडधाकट आहेत, त्यामुळं आत्याबाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

घेणारी बाई मात्र शोधून घ्यायची असते. जिचं एकही मूल वाया गेलेलं नाही अशी. सूप आणलं त्या दिवशी आत्याबाई प्रत्येक खाटेपाशी जाऊन चौकशी करून आल्या. अशा चौकश्या करणाऱ्या म्हातारीला एखादीनं झाडूच मारला असता, पण त्यांचा चेहराच असा गरीब व्हायचा की बायका सांगून टाकायच्या.

"द्रौपदा हाय तशी," मला त्या हळूच म्हणाल्या. "तिन्ही जगल्यात. पर तिचं वरचं अजून पेटीत हाय. त्याचं काय हुतंय बघू. दम धरू जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बराच वेळ दिसल्या नाहीत. आल्या तेव्हा लुगड्याचा काठ ओला होता आणि पायांना लाल माती लागलेली.

"कुठं होता?" मी विचारलं.

"हितंच. पाय धुतले." मग एकदम खाली वाकून त्यांनी खाटेखालचं सूप ओढलं. "द्रौपदालाच द्यायचं. आत्ताच."

मला वाटलं, वरच्या पोरीचं बरं वर्तमान आलं असणार. मला आनंदच झाला.

द्रौपदा तर मांडी ठोकून तयार झाली. तिच्याकडं कोंडा कुठला असणार? आत्याबाईंनीच गाठोडं सोडून तिच्या मुठीत कोंडा भरला. "अगं बया! तुमचाच कोंडा, तुमचंच पोर, मग मी काय यापार केला म्हणायचा?" द्रौपदा म्हणाली. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या होत्या. आत्याबाईंनी मात्र मान वर केली नाही. त्यांनी माझा मुलगा सुपात ठेवला आणि मला म्हणाल्या, "भित्तीकडं बघ. आन् म्हण."

मी दहावी शिकलेली. असल्या गोष्टी मी मानत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे. तरी भिंतीकडं वळले. "माझं नाही." पहिल्यांदा हसत म्हणाले. दुसऱ्यांदा हसू येईना. तिसऱ्यांदा म्हणताना पोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं, टाक्यांच्याही आत. वळून पाहिलं तर तो द्रौपदाच्या पदराखाली चुटूचुटू पीत होता.

"दिवेलागणीला या घ्यायला," ती म्हणाली. "तवर माझं हाय. कुणी हात लावायचा न्हाई."

दुपार अशीच गेली. तातोबा एकदा येऊन दुधाची वाटी घेऊन गेला. "पितीया का?" "पितीया." तो गेला तेव्हा आत्याबाई जमिनीकडं बघत बसल्या होत्या, हे मला नंतर आठवलं.

ऊन कलल्यावर पाळी बदलली. आवळे सिस्टर घरी गेल्या आणि एक नवीन, कोवळी सिस्टर हातात गोळ्यांचा ट्रे घेऊन आली. ती द्रौपदाच्या खाटेपाशी थांबली.

"द्रौपदा तातोबा शेळके तुम्हीच ना? या गोळ्या घ्या. आणि छाती फडक्यानं घट्ट बांधून ठेवा. दोन-तीन दिवसांत दूध आटेल."

"आटवायचं कशापायी?" द्रौपदा म्हणाली. "माझी लेक वर पितीया की!"

सिस्टरनं तिच्या मांडीकडं पाहिलं. "मग हे कुणाचं?"

"माझंच! आज सकाळीच इकत घेतलं," द्रौपदा म्हणाली आणि हसली. पलीकडच्या दोघीतिघीही हसल्या.

सिस्टर हसली नाही. तिनं हातातल्या कागदाकडं पाहिलं, मग माझ्या मुलाकडं, मग द्रौपदाकडं. "पण तुमचं बाळ तर..." एवढं बोलून तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. ट्रे तिथंच खाटेवर ठेवून ती जवळजवळ पळतच वॉर्डाबाहेर गेली.

बाहेर नळाची धार ऐकू यायला लागली. द्रौपदा ट्रेकडं पाहत होती. माझा मुलगा पीतच होता.

तेवढ्यात तातोबा धुतलेली वाटी घेऊन दारात आला. त्यानं ट्रे पाहिला, बायकोचं तोंड पाहिलं, आणि चौकटीला टेकून खालीच बसला.

"गेली?" द्रौपदानं विचारलं.

त्यानं मान हलवली.

"कवा?"

तातोबाच्या हातात ती वाटी होती. मी त्याच्याकडं बघत होते. त्याचे ओठ दोनदा हलले. मग तो म्हणाला, "आत्ताच. मगाशी."

द्रौपदा रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या मुलाला छातीशी घट्ट धरलं, इतकं घट्ट की तो कळवळला. "मी हे घेतलं आन् ती गेली," ती म्हणाली. अगदी सावकाश, एखादी गोष्ट समजावून सांगावी तसं. "त्यो आला हुता मालीचं न्यायला. मालीचं न्हवतंच. द्रौपदाचं हुतं. मग द्रौपदाचं कुठलं, तर वरचं. ते न्हेलं त्यानं."

त्या सगळ्या प्रकाराचा हिशेब अगदी असाच होता. आमच्या घरातल्या पिढ्यांनी कोंडा मोजला होता, पण तो फसलेला "तो" रिकाम्या हातानं परत जातो की आणखी कुठं जातो, हे कुणी विचारलंच नव्हतं. पलीकडच्या खाटेवरची एक बाई पुटपुटली, "खरं हाय बाई, पीडा वळली." मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण मलाही त्या क्षणी तसंच वाटत होतं. मी शिकलेली आणि ती अडाणी, असं काही तेव्हा उरलं नव्हतं.

मी उठले. कुशीवर वळायचं, हात टाक्यांवर ठेवायचा, हे सगळं विसरून सरळ उठले. पोटात आगीची रेघ ओढल्यागत झालं. भिंत धरून तिच्या खाटेशी गेले.

"द्रौपदाबाई, दे त्याला. गुदमरंल तो."

"न्हाई द्यायची."

"अगं माझा आहे तो."

"तूच म्हणालीस न्हाई म्हून. तीनदा." तिचे डोळे माझ्यावर होते पण ती मला बघत नव्हती. "सगळ्यांनी ऐकलंय. आता हे माझं. माझी एक दिलीया मी ह्याच्यावर."

मी हात पुढं केला तसा तिनं माझा हात असा झटकला की मी खाटेच्या कडेवर आदळले. बाहेर सिस्टर कुणाला तरी हाका मारत होती. तातोबा दारातच बसून होता, तोंड गुडघ्यात घालून. आणि माझा मुलगा आता रडत होता. मला त्याच्या रडण्यात दुसऱ्याचं रडणं ऐकू यायला लागलं, जो रडला होता आणि तरी गेला होता.

तेव्हा आत्याबाई उठल्या. इतका वेळ त्या खाटेशी खाली, सुपाशेजारी बसून होत्या. त्या द्रौपदासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, तुझी सकाळीच गेली," त्या म्हणाल्या. "उजाडायलाच. हे तुला दिलं त्याच्या आधी."

द्रौपदानं नाही म्हणून मान हलवली.

"ह्यो तुझा दाल्ला जिन्याखाली एकलाच बसला हुता गठुडं घिऊन. सिस्टर म्हणली, हिचे टाके वले हायेत, हिला सांगू नगा. पोरीला मातीला नेणार कोण? मी गेले त्याच्यासंगं. वड्याकाठी. मी मूठमाती दिली तुझ्या लेकीला." त्यांनी आपले पाय पुढं केले. नखांत अजून लाल माती होती. "तिथनं आले आन् तुझ्या मुठीत कोंडा भरला."

मला कानांवर विश्वास बसेना. "आत्याबाई, तुम्हाला ठाऊक होतं? ठाऊक असून तिला दिलंत?"

"ठावं हुतं म्हूनच दिलं." त्या माझ्याकडं वळल्या नाहीत. "ज्या खाटंवर त्यो एकदा येऊन गेला तिथं लगी परत येत न्हाई. आमच्यात म्हंत्यात तसं. दोन नातवंडं घातली मी मातीत, माले, ह्याच हातांनी. तिसरं घालायची ताकद न्हवती माझी. हिला लाथ मारावी वाटंल, मारू दे."

मी माझ्या सासूला चांगलं ओळखते असं मला वाटत होतं. पहाटे उठून परक्या माणसाच्या लेकीला माती द्यायला गेलेली बाई हीच, आणि परत येऊन त्याच लेकीच्या आईला हसवून, फसवून आपला नातू तिच्या पदरात लपवणारी बाईही हीच. मला त्यांचा त्या वेळी इतका संताप आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. वाटलं, आता द्रौपदा हिचा गळा धरणार, आणि धरला तर मी सोडवणार नाही.

द्रौपदानं नवऱ्याकडं पाहिलं. "सकाळी?"

त्यानं मान वर न करता होकार दिला.

"मग दुपारी दूध कुठं न्हेलंस?"

"मोरीत वतलं," तातोबा म्हणाला आणि हमसून हमसून रडायला लागला.

द्रौपदानं आत्याबाईंना विचारलं, आणि आवाज असा की जणू लहान पोर विचारतंय, "मावशी, म्हंजी हे घेतलं म्हून न्हाई गेली?"

"न्हाई गं बाई. आधीच गेली हुती."

"मी हसत हुते. हसत हसत दुसऱ्याचं पदराखाली घेतलं. मला वाटलं, त्यानं रुसली ती."

"न्हाई. तुझं काय बी चुकलं न्हाई. चुकलं ते माझं."

मग ती रडली. हात आपोआप सैल पडले. धावत आलेल्या सिस्टरनं माझा मुलगा तिच्या मांडीवरून उचलला आणि माझ्या कुशीत दिला. मी त्याला चाचपून पाहिलं, डोकं, पाय, बोटं. मला त्याला घेऊन लांब, त्या वॉर्डाच्या बाहेर पळून जावंसं वाटलं. पण पाय निघेना. मी द्रौपदाच्या खाटेवरच, तिच्या पायांशी बसले.

रडून रडून ती थकली. तोवर बाहेर तिन्हीसांजा होत आल्या होत्या. दिवे लागले पण परत घ्यायच्या विधीचं कुणी नाव काढलं नाही. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. द्रौपदानं नवऱ्याला विचारलं, "कशी हुती रं?"

"बारकी," तो म्हणाला.

"तोंड कसं हुतं?"

"मी कापड न्हाई उघडलं. मला बघवंना."

ती भिंतीकडं वळली. नऊ महिने पोटात वागवलेलं लेकरू, पोट फाडून काढलेलं, आणि ते कसं होतं हे सांगणारं माणूस तिला जगात नव्हतं. मला ते समजत होतं. दुसऱ्या कुणाला समजलं नसेल इतकं समजत होतं.

"मी बघितलंय," आत्याबाई म्हणाल्या.

द्रौपदा गर्रकन वळली. तातोबानंही मान वर करून आत्याबाईंकडं पाहिलं, आणि परत खाली घातली.

"माती द्यायच्या आधी मी उघडलं कापड," आत्याबाई खाटेच्या कडेला टेकल्या. "बघितल्याबिगर कसं द्यायचं? कपाळ हुतं चांगलं रुंद. केस लई, काळं कुळकुळीत, मानंवर आल्यालं. भुवया म्हंजी अशी बारीक रेघ, कुणी काजळाच्या काडीनं वढावी तशी. नाक जरा चपटं, आपल्यात असतंय तसं. वरचा ओठ बारका. आन् हन्वटीला हितं, मधोमध, खळी."

"खळी?" द्रौपदा म्हणाली.

"व्हय. करंगळी बसंल एवढी."

"आन् डोळं?"

"मिटल्यालं. पापण्या लांब. झोपल्यागत दिसत हुती बघ, रडून न्हाई गेली. उजवी मूठ अशी वळल्याली, अंगठा आत घेऊन. मी सोडवून बघितला तर परत वळला."

द्रौपदानं आत्याबाईंचा तो हात धरला. ज्या हातानं तिच्या मुठीत कोंडा भरला होता तोच. तिनं तो बराच वेळ सोडला नाही, आणि परत परत विचारत राहिली. केस सरळ होते की कुरळे? रंग कुणाचा? आत्याबाई एकेक सांगत राहिल्या. मी ऐकत होते आणि माझे डोळे वाहत होते. अशी देखणी पोर द्रौपदाच्या हाती लागली नाही म्हणून मी रडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्रौपदा सुईनं दिलेल्या झोपेत होती. आत्याबाई माझ्या केसांत फणी घालत होत्या. आम्ही आदल्या दिवसापासून एकमेकींशी बोललो नव्हतो. मी बोलणारही नव्हते. पण तातोबानं मान वर करून जसं पाहिलं होतं, ते माझ्या मनातून जाईना.

"आत्याबाई," मी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही खरंच कापड उघडलं होतं?"

फणी थांबली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "माझा बी धीर झाला न्हाई."

"मग काल सांगितलंत ते? केस, खळी, मूठ?"

"तिला कायतरी द्याया नगं का?" त्यांनी गुंता सोडवला, परत फणी लावली. "मला एकच पोर ठावं हाय, ती सांगितली. तुझी थोरली. जराशीच जगली, पर मी न्हाऊ घातलं हुतं तिला."

मी वळले नाही. वळताच येईना मला. कपाळ रुंद, भुवयांची रेघ, हनुवटीला खळी. इतकी वर्षं मला तिच्याबद्दल एकच शब्द ठाऊक होता, मुलगी. आणि काल ती सगळीच्या सगळी माझ्या समोर येऊन गेली होती, आणि मी परक्याची समजून रडले होते.

बाळ कुशीत हललं. पलीकडं द्रौपदा झोपेतच कण्हली. मी टाक्यांवर हात दाबून धरला.

"परत सांगा," मी म्हणाले. "सगळं. कपाळापासून."